कांडी थांबली तेव्हा

आयटीआयमधून आलेले निदेशक, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, यंत्रमागधारक मित्र आणि रात्रपाळी संपवून न झोपता थेट इथे आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

इचलकरंजीत आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. बारा तास उभे राहून जे आत्ता खुर्चीत बसले आहेत, त्यांचे स्वागत सगळ्यांत आधी करतो. चर्चा त्यांच्या कामाची आहे.

बदलत्या कामाची तयारी हा आपल्या या संमेलनाचा विषय या गावाला नवा नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा गावात हातमाग चालत होते. त्या एका मागाच्या मागोमाग पुढे गावभर खडखडाट पसरला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी उद्योगाला आधार दिला, म्हणून तो रुजलाही. हातमागावर बसणाऱ्यांपैकी किती जण यंत्रमागावर आले आणि किती जण बाजूला पडले, याचा हिशेब मात्र आमच्या गावाच्या अभिमानाने सांगितल्या जाणाऱ्या इतिहासात येत नाही. तो यायला हवा होता, असे मला वाटते.

मी माझ्या आईची गोष्ट सांगतो. ती बावीस वर्षे कांडी मशीनवर होती. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, धोट्यात बसते ती कांडी. धोटा ताण्यातून इकडून तिकडे धावतो आणि कांडीवरचे सूत बाणा म्हणून विणले जाते. कांडी संपली की माग थांबतो, म्हणून भरलेल्या कांड्यांची टोपली कायम तयार लागते. ती टोपली भरणाऱ्या बहुतेक बायका. आईच्या बोटांना सुताने पडलेल्या चिरा मी लहानपणापासून पाहिल्या आहेत.

मग धोट्याविना चालणारे माग आले. रॅपियर असो की एअरजेट, त्यांत बाणा थेट कोनवरून येतो. कांडी लागतच नाही. यंत्र तुझे काम घेणार आहे, असे आईला कुणी सांगितले नाही. तिच्या मालकाने आधी चार माग बदलले, तेव्हा रोजच्या टोपल्या कमी झाल्या. मग आणखी चार बदलले. एके दिवशी दिवाणजी म्हणाले, "आक्का, उद्यापासून नको." नोटीस नव्हती, भरपाई नव्हती. काम जाते ते असे, टोपली टोपलीने, आणि आपण मात्र मोठ्या वादळाची वाट पाहत बसतो.

पुढे मी स्वतः माग घेतले आणि काही वर्षांनी माझ्याही शेडमध्ये रॅपियर आले. माझ्याकडे दोन कांडीवाल्या होत्या. त्यांना मी मेंडिंगला बसवले. कापडातला दोष डोळ्याने हेरणे, तुटलेला धागा ओढून घेणे, हे त्यांना शिकायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत काम अर्धे आणि मजुरी पूर्ण, असा मामला होता. मला ते झेपले. पण आठ मागांचा खर्चीवाला, जो दुसऱ्याच्या सुतावर मीटरमागे मिळणाऱ्या मजुरीत घर चालवतो, त्याने तीन महिन्यांची मजुरी कुठून आणायची? 'कामगारांनी नवे कौशल्य शिकावे' असे सगळेच म्हणतात. शिकण्याच्या दिवसांत त्यांच्या घरची चूल कोण पेटवणार, हे कुणी बोलत नाही. संमेलनाच्या या दोन दिवसांत त्यावर बोलावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबरची गोष्टही ऐका. तीस वर्षांचा अनुभव. साधा माग बिघडला तर लांबून आवाज ऐकून सांगणार, पिकिंगमध्ये खोट आहे की बीममध्ये. रॅपियरच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, की तोच माणूस खाली मान घालायचा. त्याच वेळी डिप्लोमा झालेला एक मुलगा आमच्याकडे लागला होता. त्याला पडदा वाचता यायचा, पण कापड हातात घेऊन दोष कुठून आला हे कळायचे नाही. दोघांनी मिळून एक वही केली. डाव्या बाजूला पडद्यावरचा क्रमांक, मधे मराठीत अर्थ, उजवीकडे जॉबरने सांगितलेला उपाय. चाळीस पानांची ती वही आज तीन शेडमध्ये झेरॉक्स होऊन फिरते आहे. यंत्र परदेशातून येऊ दे, ते समजावणारी वही इथल्या भाषेत झाली पाहिजे. आमच्या मागांवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कामगार आहेत, त्यांच्यासाठी ती हिंदीतही व्हायला हवी. निदेशकांनी हे मनावर घ्यावे.

मुंबईच्या गिरणगावाचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांचे कापड यंत्रमागांकडे आधीपासून सरकत होते, संपानंतर ते अधिकच सरकले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला काम मिळाले आणि लालबाग-परळच्या चाळींत माणसे बसून राहिली. आमच्या भरभराटीत त्यांच्या पडझडीचा वाटा आहे. उद्या ती पाळी आमच्यावर येऊ शकते.

मग करायचे काय? मला माथाडी कायद्याची आठवण होते. हमालाला ठरावीक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने कायदा केला. व्यापाऱ्यांनी मंडळाकडे नोंद करायची, मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार. मालक बदलला तरी हक्क माणसासोबत चालत राहतो. मोबाइलवर ऑर्डर घेऊन घरोघर डबे पोचवणाऱ्या आपल्या पोरांची आजची अवस्था त्या हमालापेक्षा वेगळी नाही. मंडळांच्या कारभारात दोष शिरले, हे मान्य. पण विचार आपल्याच मातीतला आहे. त्याच धर्तीवर यंत्रमागाच्या गावात मीटरमागे थोडी रक्कम बाजूला काढून शिकण्याच्या महिन्यांची मजुरी देणारा निधी का उभा राहू नये? मी माझ्या मागांवरून सुरुवात करायला तयार आहे. त्याचे आकडे मांडलेला कागद आपल्या फाइलमध्ये ठेवला आहे. तो तपासा, चुकत असेल तिथे खोडा.

उद्या सकाळी सात वाजता सभागृहासमोरून बस निघेल. आधी साध्या मागाची शेड, मग सुताला खळ लावतात ते सायझिंग, मग रॅपियर. शेडमध्ये बोललेले ऐकू येत नाही, म्हणून प्रश्न बाहेर आल्यावर विचारा. मेंडिंगच्या टेबलावर माझ्याकडच्या त्या दोघी कांडीवाल्या भेटतील. त्यांना थेट विचारा, त्या सांगतील. दुपारचे जेवण त्यांच्यासोबतच आहे.