रकाना रिकामा का राहिला?

(द्वारका, नाशिक येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज इथं येताना द्वारका चौकात बराच वेळ थांबावं लागलं. तुम्हाला त्यात नवीन काही नाही. पण थांबल्या थांबल्या माझा विषय मला समोरच दिसला. समजा, मुंबई-आग्रा महामार्गावरून रोज कोणती वाहनं जातात हे मोजायचं आहे, म्हणून आपण चौकात एका मुलाला वही देऊन उभं केलं. मुलगा प्रामाणिक आहे, दिवसभर उन्हात उभा राहून तो रिक्षा, दुचाकी, पुणे रोडला वळणाऱ्या एसट्या सगळं टिपतो. पण त्याच्या डोक्यावरून उड्डाणपूल गेलाय. सरळ मालेगाव-धुळ्याकडे निघालेले कंटेनर खाली उतरतच नाहीत. संध्याकाळी वही भरलेली असेल, एक ओळ कोरी नसेल, आणि तिच्यावरून कुणी म्हणालं की या रस्त्यानं अवजड वाहनं फारशी जात नाहीत, तर ते साफ चूक ठरेल. कमी वाहनं मोजली गेली, एवढंच झालं असतं तर फार बिघडलं नसतं. जी सुटली ती वेगळ्या प्रकारची होती, म्हणून बिघडलं.

माझं पीएच.डी.चं काम नेमकं या सुटलेल्यांवर आहे. वैद्यकीय संशोधनात जी माहिती हाती लागत नाही तिचं काय करायचं, हा माझा प्रश्न. मी शिकले पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात, जो १९५३ साली डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी उभा केला. आणि आता आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामुळे या विषयाचं मोल मला रोज जाणवतं. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाखाली राज्यभरातले एम.डी., एम.एस.चे विद्यार्थी प्रबंध लिहितात. वैद्यकीय प्रबंधांत एक वाक्य फार वेळा भेटतं: 'ज्या रुग्णांची माहिती अपूर्ण होती त्यांना वगळण्यात आले.' या वाक्यापाशी मी दर वेळी अडते.

का अडते, ते आकड्यांत सांगते. समजा, शंभर मधुमेही रुग्णांना एक औषध दिलं. सहा महिन्यांनी साठ जण तपासणीला आले. त्यांतल्या पंचेचाळीस जणांची साखर आटोक्यात होती. आलेल्यांपुरता हिशेब केला तर यश ७५ टक्के. आता न आलेल्या चाळिसांपैकी फक्त दहा जणांची साखर आटोक्यात असेल तर खरं यश ५५ टक्क्यांवर येतं. एकाचीही नसेल तर ४५, सगळ्यांची असेल तर ८५. म्हणजे आपल्याला खरोखर माहीत असलेली गोष्ट एवढीच, की उत्तर ४५ ते ८५ च्या मध्ये कुठेतरी आहे. आणि प्रबंधात मात्र ठळक अक्षरात ७५ छापलं जातं.

माझ्या प्रबंधासाठी मी एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी चाळत होते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण हे कुठेही होतं. संगणकात एका बाईंच्या चार भेटींपैकी तिसरी आणि चौथी कोरी. म्हणून मूळ रजिस्टर मागवलं. जाड पुठ्ठ्याचं, कडा मऊ पडलेलं. त्या पानावर दोन रकान्यांत आडव्या रेघा होत्या आणि बाजूच्या समासात सिस्टरनं पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता: 'बागेवर'. नाशिककरांना हा शब्द समजावून सांगायला नको. भाताची कापणी आटोपली की सुरगाणा-पेठची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, छाटणीपासून खुड्यापर्यंत तिथेच राहतात. बाई औषधाला कंटाळल्या नव्हत्या, गेल्याही नव्हत्या. त्या कामावर होत्या. पण संगणकात समासासाठी रकानाच नव्हता, म्हणून तो शब्द नोंद भरताना गळला. मी पुढची-मागची पानं उलटली. समासात आणखी शब्द सापडले. 'माहेरी'. 'पैसे नाहीत'. 'बरे वाटते, येणार नाही'. एका ठिकाणी नुसतं 'वारले'. संगणकात हे सगळे एकसारखे कोरे होते.

या समासातल्या शब्दांचं गणित करता येतं, हे १९७६ साली डोनाल्ड रुबिन यांनी 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात दाखवलं. त्याच्या आधीही लोक रिकाम्या जागा भरत होतेच. १९३३ मध्ये फ्रँक येट्स यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला शेतीच्या प्रयोगात एखाद्या तुकड्याचं उत्पन्न हाती आलं नाही तर हिशेब कसा करायचा याची रीत बसवली होती. तुकड्यात गुरं शिरली, त्याचं उत्पन्न गेलं; पण गुरं काही कमी पिकणारा तुकडा बघून शिरत नाहीत. माणसाचं तसं नाही. माणूस दवाखान्यात का आला नाही, याचा त्याच्या प्रकृतीशी बहुधा काहीतरी संबंध असतो.

रुबिन यांनी तीन प्रकार वेगळे केले. नळी फुटली आणि रक्ताचा नमुना गेला, हा निव्वळ योगायोग. त्यात माणसं कमी होतात, पण उत्तर वाकडं होत नाही. दुसरा प्रकार 'बागेवर'चा. गैरहजेरीला कारण आहे, आणि ते आपल्याकडे नोंदलेलं आहे: गाव, महिना, काम. त्याच गावच्या, त्याच वयाच्या, तशीच साखर असलेल्या पण हजर राहिलेल्या बायांवरून आपण या बाईंबद्दल काही अंदाज बांधू शकतो. तिसरा प्रकार अवघड. माणूस आला नाही, कारण त्या दिवशी त्याची तब्येतच ढासळली होती. जी गोष्ट आपल्याला मोजायची होती, तिनंच मोजणी अडवली. आणि दुसरा प्रकार आहे की तिसरा, हे हातातल्या आकड्यांवरून कधीच सिद्ध करता येत नाही. माझ्या विषयातलं सगळ्यात कडू सत्य हेच.

मग भरायचं कसं? सरासरी टाकून मोकळं होणं सोपं, पण त्यामुळे माणसामाणसांतला फरक खोटा पुसला जातो. शेवटची नोंद पुढे ओढण्याची पद्धतही अनेक वर्षं चालली. स्मृतिभ्रंशासारख्या दिवसेंदिवस वाढत जाणाऱ्या आजारात तिचा परिणाम विपरीत होतो: जो लवकर अभ्यास सोडून गेला त्याची सुरुवातीची बरी अवस्था शेवटपर्यंत गोठून राहते, आणि ज्या औषधानं माणसं पळाली तेच औषध गुणकारी दिसतं. रुबिन यांचा मार्ग असा, की एक रकाना एकदाच भरू नका. समजा, वीस वेळा भरा, दर वेळी थोडा वेगळा, जितकी अनिश्चितता खरोखर आहे तितका वेगळा. वीस वह्या तयार होतील. प्रत्येकीचं उत्तर काढा आणि मग ती एकत्र करा. वह्यांची उत्तरं एकमेकींपासून जितकी लांब, तितकं आपलं अज्ञान मोठं, आणि ते अज्ञान अंतिम उत्तरात धरलं जातं. माझ्या मते हा केवळ गणिताचा नव्हे, सचोटीचाही भाग आहे. तिसऱ्या प्रकारासाठी याच्याही पुढे जावं लागतं. न आलेल्यांची अवस्था आणखी वाईट होती असं गृहीत धरायचं, पुन्हा आणखी वाईट, आणि आपला निष्कर्ष कुठवर टिकतो ते बघायचं.

पण महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांनी सर्वांत खोलवर ओळखला, त्यांनी तो गणिताच्या आधी पायांनी सोडवला. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तोवर दवाखान्यात आलेल्यांवरूनच स्त्रियांच्या आजारांचा अंदाज बांधला जात होता. म्हणजे ९२ टक्के स्त्रिया उड्डाणपुलावरून जात होत्या. त्या अभ्यासातही गावातल्या सगळ्याच स्त्रिया तपासणीला आल्या नाहीत. मग न आलेल्या निरोगी होत्या का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो विचारल्यानं त्या कामाचं मोल कमी होत नाही.

पुढे २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. सरकारी नोंदींत जितके बालमृत्यू होते त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी अधिक मुलं दगावत होती, हे घरोघर जाऊन केलेल्या मोजणीनं समोर आणलं. घरात जन्मलेलं आणि दोन दिवसांत गेलेलं मूल जन्माच्याही नोंदीत नसायचं आणि मृत्यूच्याही. तिसरा प्रकार याहून वेगळा काय असतो? गडचिरोलीत जन्म-मृत्यूची अशी मोजणी आधीपासूनच होती, म्हणूनच घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतल्यावर मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला, हे १९९९ मध्ये बंग दांपत्याला जगाला दाखवता आलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. त्या वेळी पोटात असलेल्या मुलांचा पाठपुरावा ती तरुण होईपर्यंत चालू राहिला. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तर रकाना रिकामा पडणार, हे ठाऊक असूनही. २०१० साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं रॉडरिक लिटल यांच्या अध्यक्षतेखाली जो अहवाल दिला, त्याचाही भर यावरच आहे: माहिती हरवल्यावरच्या युक्त्यांपेक्षा ती हरवू न देणं महत्त्वाचं.

शब्दांचंही सांगते. क्षयरोगाचे उपचार मध्येच सोडणाऱ्याला वर्षानुवर्षं 'डिफॉल्टर' म्हणत, जणू कर्ज बुडवलंय. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं व्याख्या बदलल्या आणि 'पाठपुराव्यातून सुटलेला' असा अर्थ देणारा शब्द घेतला. दोष रुग्णावरून उठला आणि प्रश्न व्यवस्थेकडे आला: तुमच्या हातून तो सुटला कसा?

इथं डॉक्टर बसले आहेत, सिस्टर आहेत, विद्यार्थी आहेत. तुमच्या तक्त्यात प्रत्येक भेटीपुढे एक जास्तीचा रकाना आखा: न येण्याचं कारण. समासातला शब्द संगणकात जाऊ द्या. आणि बाकीच्यांना एक विनंती. उद्या एखाद्या औषधाच्या अभ्यासात तुमचं किंवा घरातल्या कुणाचं नाव असेल, तर तो सोडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सही केली म्हणून कुणी अडकवू शकत नाही. पण औषध सोसलं नाही म्हणून गोळी बंद केलीत, तरी जमलं तर तपासणीला जा. तेही नाही जमलं तर फोन करून कारण तेवढं सांगा.