क्षयरोग : औषधदान आणि आहारदान

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. कार्यवाहांनी आरोग्यविषयक बोलण्याची जबाबदारी माझ्यावर सोपविली, तेव्हा मला संकोच वाटला. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेला माणूस. तथापि क्षयरोगाविषयी जे मिळेल ते मी वाचीत आलो आहे, डॉक्टर मित्रांना विचारीत आलो आहे. त्याला एक कारण आहे. ते प्रथम सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. आमच्या पेढीवर एक गुमास्ते होते. वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना खोकला जडला, संध्याकाळी कसर येऊ लागली, सदरा अंगावर लोंबू लागला. क्ष-किरण तपासणी झाली आणि डॉक्टरांनी क्षय असल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांचा हिशेब केला. दोन महिन्यांचा पगार जास्तीचा दिला, औषधाला पैसे दिले आणि 'बरे झाल्यावर या' असे सांगून गावी धाडले. जाताना ते मला एवढेच म्हणाले, "धाकटे शेठ, हात अजून चालतोय." ते बसत ती गादी मी मागील अंगणात जाळायला लावली. त्यांचा पाण्याचा पेला फेकून दिला. आपण माणुसकीने वागलो, असेच तेव्हा आम्हा सर्वांना वाटले.

वर्षाच्या आत ते वारले. पुढे त्यांच्या पत्नी भेटल्या तेव्हा कळले की, तीन महिन्यांत ताप गेला, बरे वाटू लागले आणि औषध थांबले. त्या म्हणाल्या, "औषध घ्यायचे की ज्वारी, असे होते. आम्ही ज्वारी घेतली." त्यानंतर त्यांच्या थोरल्या मुलीलाही हाच रोग झाला. सुदैवाने ती बरी झाली.

या घटनेने माझ्यासमोर तीन प्रश्न उभे केले. त्यांना घालवून देण्याची गरज होती काय? औषध चालू असताना ते का गेले? आणि मुलीचा रोग टळला असता काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वैद्यकीय संशोधनात आहेत. त्यांतील काही तर १९८६ च्या कितीतरी आधीच मिळालेली होती.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. म्हणूनच हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. तोवर हा रोग कुळातून येतो, असाच समज दृढ होता. कॉख यांनी सिद्ध केले की हा जंतूंचा रोग आहे. परंतु जंतू सापडला तरी औषध मिळण्यास साठ वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर शुद्ध हवा, विश्रांती आणि पौष्टिक आहार हाच उपचार होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे त्याच काळातील.

१९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळविले. एकटे औषध दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत पडली. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, पुढे रिफाम्पिसिन आले आणि दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला.

आता माझा पहिला प्रश्न. १९५६ मध्ये मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र उघडले. तेथे १९३ गरीब रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्या गटाला त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. आरोग्यधामातील रुग्णांना विश्रांती होती, चांगले अन्न होते. घरच्यांना यांपैकी फारसे काहीच नव्हते. वर्षअखेरीस दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखेच आले. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाने आपली उपचारपद्धती बदलली. पुढे पाच वर्षे कुटुंबीयांवर लक्ष ठेवले असता, घरी राहिलेल्या रुग्णांच्या माणसांना अधिक प्रमाणात रोग झाला असेही आढळले नाही. धोका असतो तो मुख्यतः उपचार सुरू होण्यापूर्वीच्या सहवासात. योग्य औषध सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते.

बंधूंनो, हा शोध आपल्या देशातला. आमचे गुमास्ते घरी गेले त्याच्या सत्तावीस वर्षे आधीचा. हा रोग हवेतून पसरतो. कपड्यातून, गादीतून, पेल्यातून पसरत नाही. आयुष्यभर कापड विकणाऱ्या माणसाने एक गादी विनाकारण जाळली आणि एका माणसाला विनाकारण घालविले. काही आठवडे विश्रांती, पगार चालू आणि पुन्हा कामावर, एवढेच करावयास हवे होते.

दुसरा प्रश्न औषधाचा. सहा महिन्यांचा उपचार तीन महिन्यांवर सोडला तर मागे उरलेले जंतू पुन्हा वाढतात. औषधे अनियमित घेतली तर ते औषधालाही जुमानेनासे होऊ शकतात. अशा रोगावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार करावे लागत. २०२४ मध्ये भारताने त्यासाठी सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती स्वीकारली, ही समाधानाची बाब आहे. निदानही सोपे झाले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बेडक्यात जंतू दिसायला ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात. आता सीबीनॅट आणि गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट या यंत्रांद्वारे जंतूचा जनुकीय अंश काही तासांत ओळखता येतो. रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही तेही कळते. तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. म्हणजे औषधाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. ज्वारीचा सुटला काय?

येथे तिसरा प्रश्न येतो. क्षयजंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झाला, असे नाही. शरीरातील संरक्षक पेशी जंतूंभोवती तटबंदी उभारतात आणि ते वर्षानुवर्षे आत निपचित पडून राहतात. संसर्ग झालेल्या शंभर जणांपैकी आयुष्यभरात पाच ते दहा जणांनाच प्रत्यक्ष रोग होतो. तटबंदी ढासळते ती कुपोषणाने, मधुमेहाने, तंबाखूने, एचआयव्हीने. मधुमेह्याला हा धोका दुपटी-तिपटीने अधिक असतो. आपल्या समाजात मधुमेह किती घरांत आहे, हे आपण जाणता. तेव्हा हा रोग आपला नव्हे, या भ्रमात कोणी राहू नये.

प्रतिबंधासाठी लस आहे. फ्रान्समध्ये काल्मेट आणि गेरँ यांनी तेरा वर्षे जंतूची लागवड करून त्याला निस्तेज केले आणि १९२१ मध्ये बीसीजी प्रथम दिली. बालकांना होणाऱ्या मेंदूच्या क्षयापासून आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगले संरक्षण देते. मात्र तामिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ पासून झालेल्या प्रचंड पाहणीत प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिल्याचे दिसले नाही. नव्या लसींच्या चाचण्या चालू आहेत. रुग्णाच्या घरातील माणसांना प्रतिबंधक औषध देण्याची सोयही आता झाली आहे.

परंतु ज्या संशोधनाने मला सर्वाधिक विचार करावयास लावला ते झारखंडमधील आहे. २०१९ ते २०२२ या काळात तेथील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसे यांचा अभ्यास केला. सर्व रुग्णांना दरमहा दहा किलो शिधा दिला : तांदूळ, डाळ, दूधभुकटी व तेल. निम्म्या भागांत घरातील प्रत्येक माणसालाही दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे घरच्यांनाही धान्य मिळाले, तेथे त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुफ्फुसाच्या, जंतू सापडलेल्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला.

मग मद्रासचा प्रयोग चुकला काय? नाही. जंतू मारण्याचे काम औषधाचेच. नुसत्या खुराकाने क्षय बरा होत नाही. पण खंगलेला रुग्ण तगावा आणि त्याच्या घरातील माणसाची तटबंदी टिकावी, यासाठी अन्नच लागते. आमच्या गुमास्त्यांच्या घराला औषध आणि ज्वारी या दोहोंत निवड करावी लागली. दोन्ही मिळाले असते तर कदाचित तेही राहिले असते आणि त्यांची मुलगीही आजारी पडली नसती.

आता व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब मांडतो. चार माणसांचे घर धरा. रुग्णाचे दहा किलो, उरलेल्या तिघांचे साडेएकोणीस किलो. महिन्याला साडेएकोणतीस आणि सहा महिन्यांचे १७७ किलो. म्हणजे एका कुटुंबाला पावणेदोन क्विंटलच्या आसपास. झारखंडच्या अनुभवानुसार अशा सुमारे तीस घरांना शिधा दिल्यास एका माणसाचा क्षय टळतो. शिध्यात असे काहीही नाही जे आपल्या स्वयंपाकघरात चालत नाही. शासन रुग्णाला पोषणासाठी मदत देते; नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा एक हजार रुपये करण्यात आली. निक्षय मित्र या योजनेत संस्थांना रुग्णांच्या पोषणाची जबाबदारी घेता येते. तरीही जगातील सुमारे पाव क्षयरुग्ण आजही भारतात आहेत.

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. आपल्या संस्थेने औषधदान पन्नास वर्षे निष्ठेने केले. क्षयरुग्णाला आज ही चारही दाने एकाच वेळी हवी आहेत. अन्न हवे, औषध पूर्ण करण्यासाठी पाठीवर हात हवा, खरी माहिती हवी, आणि सर्वांत अधिक हवे ते अभय, 'तुझी नोकरी जाणार नाही, तुझा पेला वेगळा ठेवला जाणार नाही' हे आश्वासन.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त क्षयरुग्ण कुटुंबांसाठी कायम शिधा निधी सुरू करावा. शिधा घरातील सर्वांना द्यावा. देताना छायाचित्र काढू नये, नावे फलकावर लिहू नयेत. आणि येथे बसलेल्या प्रत्येक दुकानदाराने एवढे मनाशी ठरवावे की, नोकराचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर त्याला तपासणीस न्यायचे, आणि क्षय निघाला तर त्याची जागा राखून ठेवायची.

पहिल्या पाच कुटुंबांचा सहा महिन्यांचा शिधा माझ्या पेढीकडून येईल. पावती माझ्या नावाने करू नये. 'एका गुमास्त्यांच्या स्मरणार्थ' एवढेच लिहावे.