प्रयोगशाळेपासून पाळण्यापर्यंत

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



‘उपयोजित संशोधन’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे अग्निबाण, उपग्रह आणि महासंगणक उभे राहतात. आजचा विषय मात्र अगदी घरगुती आहे. तो आहे तान्ह्या मुलांना होणाऱ्या जुलाबांचा. ज्या घरात पाळणा हलला आहे, त्या घराला या दुखण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. सकाळी हसत-खेळत असलेले मूल दुपारी मलूल होते, डोळे खोल जातात, टाळू खचते आणि संध्याकाळपर्यंत ते निपचित पडते. शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने एका दिवसात होत्याचे नव्हते होते.

या एका दुखण्याविरुद्ध भारतातील वैद्यकीय महाविद्यालये आणि संशोधन संस्था गेली सहा-सात दशके झुंज देत आल्या आहेत. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र या चारही शाखा त्या झुंजीत उतरल्या. शोध लागणे ही एक गोष्ट आणि शोध पोहोचणे ही दुसरी, हा त्या झुंजीचा धडा आहे. या दोहोंतील अंतर एकटा शास्त्रज्ञ ओलांडू शकत नाही. त्यासाठी सारा समाज पाठीशी उभा राहावा लागतो.

या कथेचा आरंभ कलकत्त्यात होतो. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने तेथे पटकीचे जंतू वेगळे केले. हे जंतू एखादे विष सोडत असावेत असा त्याचा तर्क होता. परंतु तो सिद्ध होण्यास पंचाहत्तर वर्षे लागली. ते काम केले कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शंभुनाथ डे यांनी. हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले डे लंडनला डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतले आणि अध्यापन करता करता संशोधनात गढून गेले. सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधून त्यांनी त्यात पटकीचे जंतू सोडले. काही तासांत तो भाग पाण्याने तट्ट फुगला. पुढे १९५९ साली त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव वापरला, तरीही तेच घडले. म्हणजे पाणी खेचून आणणारा अपराधी जंतूंनी सोडलेले विष होते. ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकात त्यांचा हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आजच्या पटकीविषयक ज्ञानाचा पाया या निबंधावर उभा आहे.

या थोर संशोधकाच्या वाट्याला काय आले? महाविद्यालयातील एका अध्यापकाचा शोध उचलून धरील आणि पुढे नेईल अशी कोणतीही व्यवस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. १९७३ साली ते शांतपणे निवृत्त झाले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरील परिसंवादासाठी त्यांना सन्मानाने पाचारण केले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले होते. परंतु १९८५ साली डे यांनी जगाचा निरोप घेतला तोवर त्यांच्या स्वतःच्या देशाने त्यांना एकही मोठा सन्मान दिलेला नव्हता. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० मध्ये. प्रतिभा होती, तपश्चर्या होती. साखळीची पुढची कडी मात्र नव्हती.

दुसरा टप्पा १९७१ चा. पूर्व बंगालमधील अत्याचारांना कंटाळून लक्षावधी निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले. रुग्णालयात दोनच खोल्या, रुग्ण जमिनीवर पडलेले आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आलेले. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक धाडसी निर्णय घेतला. साखर आणि मीठ एकत्र दिले तर आतडे त्यांच्यासोबत पाणीही शोषून घेते, ही गोष्ट प्रयोगशाळेत आधीच कळली होती. ढाक्यात १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर तिची परीक्षाही घेतली होती. मात्र ते सारे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते. महालनबीसांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात भुकटीच्या पुड्या करविल्या. हे पाणी मोठ्या पिंपांत भरून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आप्तेष्टांवरच सोपविले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो तिची ही जन्मकथा. महालनबीसांनी नवे रसायन शोधले नाही. ज्ञान डॉक्टरांच्या हातून काढून आईच्या हाती दिले. उपयोजित संशोधनाची याहून सुबोध व्याख्या सापडणे कठीण. २०२२ साली त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. येथेही कृतज्ञता उशिराच पोहोचली!

परंतु जलसंजीवनी झाला आजार सावरते, होऊ घातलेला आजार रोखत नाही. बालकांच्या तीव्र जुलाबांमागे रोटाव्हायरस हा विषाणू मोठ्या प्रमाणावर असतो, हे १९७३ नंतर जगाला कळू लागले. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हात यांनी तो पुरता आवरत नाही; म्हणूनच श्रीमंत देशांतील मुलांनाही तो सोडत नाही. एका अंदाजानुसार २०११ ते २०१३ या काळात भारतात दरवर्षी सुमारे ७८ हजार बालके या एका विषाणूने हिरावून नेली. त्यावर उपाय होता लशीचा.

ती लस एका निरीक्षणातून जन्मली. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात अर्भकांच्या कक्षात एक विलक्षण गोष्ट दिसली. अर्भकांना रोटाव्हायरसची लागण झाली होती, परंतु जुलाब मात्र नव्हते. पुढे असेही आढळले की, अशा बालकांना नंतर या विषाणूचा तीव्र आजार सहसा होत नाही. निसर्गानेच जणू त्यांना लस पाजली होती. या विषाणूला ‘११६ई’ हे नाव मिळाले. एखादा संशोधक येथे निबंध लिहून थांबला असता. भान थांबले नाहीत.

हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीने निर्मितीचा भार उचलला. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पाठबळ दिले. २००४ ते २०१२ या काळात भान स्वतःच त्या विभागाचे सचिव होते. अमेरिकेतील संशोधन संस्था आणि दाते यांचाही या कामात मोठा वाटा होता, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. स्वावलंबी माणूस शेजाऱ्याची शिडी घेतो, पण चढतो आपल्या पायांनी.

लशीची अंतिम कसोटी २०११ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील वढू या तीन ठिकाणी सुरू झाली. १९७० च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांनी केईएम रुग्णालयाच्या वतीने वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते. घरोघरचा जन्म, मृत्यू आणि आजार यांची नोंद ठेवणारी जी शिस्त त्या परिसरात रुजली, ती पुढे संगणकावर आली आणि अशा कसोटीला तिचा आधार मिळाला. एकूण ६,७९९ बालके या अभ्यासात होती. ४,५३२ बालकांना लस आणि २,२६७ बालकांना तसाच दिसणारा निरुपद्रवी द्रव देण्यात आला. कोणाला काय मिळाले, हे आईलाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. कार्यकर्ते प्रत्येक कुटुंबाशी दर आठवड्याला संपर्क ठेवीत. ही दक्षता आवश्यक होती, कारण रोटाव्हायरसची पहिली लस आतड्याच्या एका दुर्मीळ गुंतागुंतीमुळे १९९९ मध्ये अमेरिकेत मागे घ्यावी लागली होती.

निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र आजारापासून मिळणारे संरक्षण सुमारे ५५ टक्के भरले. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, एवढेच? परीक्षेत ५५ गुण मिळविणाऱ्या मुलाकडे आपण ज्या नजरेने पाहतो, ती नजर येथे कामाची नाही. ज्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात, तेथे तीव्र आजाराची निम्म्याहून अधिक प्रकरणे टळणे म्हणजे सहस्रावधी घरांतील आक्रोश टळणे होय. शिवाय संशोधकांनी हा आकडा फुगविला नाही, होता तसा जगापुढे मांडला, ही गोष्ट लशीइतकीच मोलाची आहे. देशप्रेमाला अतिशयोक्तीची गरज नसते.

मार्च २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या राज्यांत रोटाव्हॅक राष्ट्रीय लसीकरणात आली. जानेवारी २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘रोटासिल’ या लशीलाही ती मिळाली. हैदराबादच्या कारखान्यातून निघालेली कुपी दुर्गम पाड्यावर पोहोचेपर्यंत थंड राहिली पाहिजे. तो प्रश्न अभियंत्यांचा. कोणत्या शीतपेटीत किती कुप्या आहेत आणि तापमान किती आहे, हे २०१५ पासून ‘ईविन’ या संगणकीय प्रणालीवर नोंदले जाऊ लागले. आणि साखळीची शेवटची कडी म्हणजे ऊन-पाऊस न पाहता घरोघर निरोप देणारी आशाताई. अर्भकांच्या कक्षातील त्या पहिल्या निरीक्षणापासून या कडीपर्यंत यायला तीस वर्षे लागली. २६ जानेवारी २०२० रोजी, प्रजासत्ताक दिनी, डॉ. भान यांचे निधन झाले. आपला शोध लक्षावधी बाळांच्या ओठांपर्यंत पोहोचलेला त्यांनी पाहिला. शंभुनाथ डे यांच्या नशिबी ते सुख नव्हते. दोघांच्या बुद्धीत उणे-अधिक काय होते, हा प्रश्न गौण आहे. फरक होता तो पाठीशी उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचा.

श्रोतेहो, ही व्यवस्था केवळ दिल्लीत घडत नाही. ती आपल्या बैठकीच्या खोलीत घडते. मुलगा वा मुलगी ‘संशोधन करायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा आपल्या तोंडून पहिला प्रश्न ‘पॅकेज किती?’ असा निघत असेल, तर साखळीची पहिली कडी आपणच तोडतो. आपल्या शहरातील महाविद्यालयात कोणते प्राध्यापक कशावर काम करीत आहेत, हे आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? उद्योजकांनी त्यांच्या दारी जावे, संस्थाचालकांनी त्यांना निबंधांच्या मोजणीतून थोडे मोकळे करावे, दात्यांनी इमारतींबरोबर प्रयोगशाळांचाही विचार करावा. आणि कार्यकर्त्यांनी वस्तीवर जाताना दोन गोष्टी विसरू नयेत : प्रत्येक घरात जलसंजीवनीची पुडी असावी आणि प्रत्येक तान्ह्या बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचा डोस मिळालेला असावा.

पाच थेंबांचा हा डोस पाजायला क्षणभर लागतो. त्या क्षणामागे अनेकांची आयुष्ये उभी आहेत. त्यांचे ऋण फेडायचे असेल, तर पुढच्या शंभुनाथाला एकटे पडू न देण्याचा संकल्प आज येथून उठताना करूया.