आग विझल्यानंतरचा हिशेब

(जयगड येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण वणव्याबद्दल बोलायला जमलो आहोत. पण सुरुवात मी बागेपासून करणार नाही, घरापासून करतो. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोष्टी विचारा. ती साल सांगत नाहीत. "वाडी जळली त्याच्या आदल्या वर्षी थोरलीचं लगीन झालं," असं सांगतात. घरं गवताने शाकारलेली, शेजारी पेंढ्याची उडवी, पलीकडे गोठा. एका घराला लागली की वाऱ्यावर चार घरं जायची. कौलं आली तशा वाड्या जळायच्या कमी झाल्या. आग मात्र गेली नाही. ती घरावरून उतरली आणि कातळावरच्या बागेत शिरली.

मी लहान असताना आमचा गोठा जळाला. गोठ्यामागची काजूची चाळीस झाडं आणि वडिलांनी कावडीने पाणी घालून जगवलेली हापूसची अकरा कलमं त्याच दुपारी गेली. तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. साहेबांनी सातबारा मागितला. सातबाऱ्यावर लिहिलं होतं, 'वरकस, गवत'. साहेब म्हणाले, "गवत जळलं. गवताची भरपाई नसते." वडिलांनी जळक्या खोडांकडे बोट दाखवलं. साहेबांनी कागदाकडे बोट दाखवलं. साहेब वाईट नव्हते. कागदावर जे नाही ते त्यांना दिसत नव्हतं, एवढंच.

पुढे मी शेतीची पदवी घेतली. झाडाच्या सालीखालचा जिवंत थर उष्णतेने कसा मरतो ते शिकलो. पण त्या दिवसाचा धडा कॉलेजात कुणी शिकवला नाही. आग विझल्यावर दुसरा हिशेब सुरू होतो. त्या हिशेबात जो कागदावर असतो तो उरतो.

याची तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं मुंबईचं. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली हजारो माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला होती. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलेलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि कराचीला त्यावर चढवलेल्या हजारो कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरू नये, हे गोदीतला हमालसुद्धा सांगेल. लढाईच्या घाईत तेच झालं. दुपारी धूर दिसला आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्याचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. आजूबाजूची गोदामं, घरं, दुकानं पेटली. हजारो टन धान्य जळालं, तेही युद्धाच्या टंचाईत. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणूनच देशात १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

त्याच जहाजावर सोन्याच्या विटा होत्या. स्फोटात त्या उडाल्या, काही गोदीच्या गाळात रुतल्या. पुढची कित्येक वर्षं गाळ उपसताना त्या सापडत राहिल्या आणि जवळजवळ सगळ्या परत मिळाल्या. कारण विटेवर क्रमांक होता आणि तो वहीत लिहिलेला होता. गोदीत माणसं किती मेली, याचे आकडे मात्र आजही वेगवेगळे सांगतात. कुणी आठशे म्हणतो, कुणी तेराशे. रोजंदारीवर गोदीत शिरलेल्या माणसाचं नाव कुठल्या वहीत असणार? विटेचा हिशेब लागला, माणसाचा लागला नाही.

दुसरं उदाहरण उलटं आहे. पुणे जिल्ह्यातलं सुपे हे बाजाराचं गाव. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. अमेरिकेतल्या यादवी युद्धात आपल्या कापसाला भाव चढला होता. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला, आणि सारा भरायला शेतकरी सावकाराच्या दारात गेला. अंगठा कशावर उमटवला हे त्याला वाचता येत नव्हतं. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांना धन नको होतं. कर्जखतं आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सुमारे हजारभर माणसं पकडली गेली, पाचशेवर जणांना शिक्षा झाल्या. मग चौकशी आयोग आला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

कुणी आग लावावी म्हणून मी हे सांगत नाही. त्या आगीत काही ठिकाणी घरंही पेटली, आणि शिक्षा भोगली ती शेतकऱ्यानेच. सांगायचं ते वेगळंच. अडाणी म्हणवला जाणारा तो शेतकरी एक गोष्ट पक्की ओळखून होता. त्याला बांधून ठेवलं होतं ते कागदाने.

तिसरं उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर पेटलेली आग वर चढली. पाच जीव गेले, हजारो फायली जळाल्या. ज्यांच्या अर्जाची दुसरी प्रत गावात कुणाकडेच नव्हती, त्यांनी कशाच्या आधारावर बोलायचं? सरकारचा कागदसुद्धा जळतो. म्हणून आपली एक प्रत आपल्या घरात, आणि एक दुसऱ्याच्या घरात हवी.

आता आपल्या जयगडकडे येऊ. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत वाळतं. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत ते दारूगोळाच असतं. त्यात ठिणगी कुठून पडते ते तुम्हाला माहीत आहे. कुणाची भाजावळ हाताबाहेर जाते. कुणी विडी फेकतो. कुठे लोंबत्या तारा वाऱ्यावर घासतात. कलम लावल्यापासून हाताशी फळ यायला पाच-सात वर्षं जातात आणि जळायला दहा मिनिटं पुरतात. बरं, जळालेलं झाड लगेच मरत नाही. कधी वर पालवी फुटते, आपल्याला वाटतं वाचलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात फांद्या वाळत जातात. पंचनाम्याच्या दिवशी हिरवं दिसलेलं झाड 'नुकसान नाही' म्हणून नोंदलं जातं.

भरपाईचं म्हणाल, तर फळपीक विमा हवामानावर चालतो. अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वारा हे त्याचे निकष. वणवा त्यात बसत नाही. आपत्ती मदतीच्या सरकारी निकषांत पूर, चक्रीवादळ, भूकंप यांच्या पंगतीला 'आग' हा शब्द आहे. तो आपण उच्चारला पाहिजे. पण त्या दारातही पहिला प्रश्न तोच, सातबाऱ्यावर काय आहे?

आणि आपला सातबारा कसला? पंचवीस नावं, त्यातली दहा मुंबईत, पाच वर गेलेली. झाडं लावली एका भावाने, नोंद गवताची, आणि पंचनाम्यावर सही कुणाची घ्यायची यावर चुलत्या-पुतण्यांत वाद. आपलं नुकसान आगीने निम्मं आणि या गोंधळाने निम्मं होतं. सरकारला दोष देण्याआधी हे कबूल करू.

तेव्हा या बैठकीतून उठताना चार कामं घेऊन उठू.

एक, ई-पीक पाहणी. २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याला स्वतः मोबाइलवर करता येते. फळझाडं आणि बांधावरची झाडंसुद्धा नोंदता येतात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक वाडीतली दोन शिकलेली मुलं-मुली बसवा. ही नोंद झाल्याशिवाय माळावर काठी टेकू नका.

दोन, जानेवारी संपायच्या आत बागेभोवती दहा-बारा फूट गवत कापून पट्टा साफ करायचा. एकट्याने नाही, वाडीने मिळून. शेजारची जमीन मुंबईकराची असेल तर त्याला फोन करून सांगायचं आणि त्याचाही पट्टा आपणच काढायचा. वणवा बांध ओळखत नाही. भाजावळ करायची तर सकाळी, वारा नसताना, आणि शेजाऱ्याला सांगून.

तीन, आग लागलीच तर त्याच दिवशी फोटो, झाडांची मोजणी आणि लेखी अर्ज. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कृषी खात्याचा माणूस आणि पोलीस, तिघांनाही अर्ज द्या आणि पोच घ्या. तारेच्या ठिणगीने पेटलं असेल तर विद्युत निरीक्षकाची चौकशी मागा. झाडं पुढच्या हंगामात पुन्हा तपासावीत, असं अर्जातच लिहा.

चार, एक वही. गावात कधी कुठे आग लागली, काय जळलं, कुणी विझवली, हे म्हाताऱ्यांकडून विचारून लिहायचं. "वाडी जळली त्या साली" असं सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत. ती गेली की तेही गेलं.

माझे वडील आता नाहीत. त्यांच्या अकरा कलमांची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. आज या भाषणात ती पहिल्यांदा होते आहे. तुमच्या मुलांवर अशी वेळ येऊ नये. वही आणि मोबाइल पुढच्या टेबलावर ठेवले आहेत. चहा नंतर. आधी नोंद.