सावतोबांचा संसार

(संत सावता महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



खुरपणीचे दिवस आहेत, पावसाने उघडीप दिली आहे, कोळप्याची घाई आहे, आणि तरीही आपण इतक्या संख्येने येथे बसला आहात. शेतातले काम टाकून आपल्या पुण्यतिथीच्या सभेला येणे सावतोबांना कितपत रुचले असते, याची मला शंकाच आहे. म्हणून फार वेळ घेणार नाही.

येताना गोकुळेश्वराचे दर्शन घेतले, बारव पाहिली आणि त्या उंच दगडी स्तंभापाशी थोडा वेळ थांबलो. चारठाण्याचे हे वैभव यादवकाळातले. ज्या हातांनी तो दगड घडवला, त्यांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. कष्टकऱ्याचे बहुधा असेच होते. काम उरते, माणूस विस्मरणात जातो. त्याच यादवकाळात भीमेच्या खोऱ्यात, आजच्या माढा तालुक्यातील अरण गावी, एक माळी आपल्या मळ्यात राबत होता. त्याचे नाव मात्र सातशे वर्षे उरले. ते का उरले, एवढेच आज पाहू.

सावतोबांचा जन्म इ.स. १२५० चा. आजोबा दैवू माळी पंढरीचे वारकरी. वडील परसोबा आणि आई नांगिताबाई यांच्या घरात शेती आणि हरिभजन दोन्ही नांदत होते. जनाईशी विवाह झाला. विठ्ठल आणि नागाताई ही दोन अपत्ये. १२९५ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीला अरण येथेच त्यांनी देह ठेवला. उणीपुरी पंचेचाळीस वर्षे, तीही एका गावात आणि एका मळ्यात. मठ नाही, गादी नाही, तीर्थाटन नाही. चरित्रकाराने लिहावे तरी काय!

पण येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांनी लहानपणी मोट पाहिली असेल. काहींनी स्वतः हाकलीही असेल. भल्या पहाटे बैल जुंपायचे, ते मागे सारत मोट विहिरीत सोडायची, भरली की पुढे हाकायचे. पाणी थारोळ्यात पडायचे, तेथून पाटाने वाफ्यात जायचे, आणि पुन्हा बैल मागे. दिवस मावळेपर्यंत तेच. इंजिने आली आणि हा कष्ट संपला. पण त्या कष्टात किती एकटेपणा असतो, हे ज्याने केला त्यालाच कळते. सावतोबांनी मोट, नाडा, विहीर आणि वाफ्यातला भाजीपाला यांतच आपला विठोबा पाहिला. देवासाठी वेगळी वेळ आणि पोटासाठी वेगळी, अशी वाटणी त्यांच्याकडे नव्हती. गीतेतला कर्मयोग आपण व्यासपीठावरून समजावून सांगतो. अरणच्या मळ्यात तो रोज पाणी पीत होता.

आता एक कथा. ती बहुतेकांनी कीर्तनात ऐकलेली आहे. सावतोबा भजनात रंगले असताना सासुरवाडीची माणसे दारी आली. त्यांच्याकडे लक्ष गेले नाही आणि जनाईला राग आला. सावतोबांनी तिची समजूत घातली, तिचा राग निवळला, असे सांगतात. कीर्तनकार येथे सावतोबांची बाजू घेतात. मला मात्र जनाईचा राग खोटा वाटत नाही. माहेरची माणसे दारात उभी आणि घरधनी टाळ वाजवतो आहे, हे कोणत्या बाईला सोसेल? परंपरेने तो राग लपवला नाही, आजवर जपून ठेवला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भाविक पुरुषाचा संसार कोणीतरी ओढत असते. सावतोबांचे स्मरण करताना जनाईला वगळले, तर ते स्मरण अर्धेच राहील.

आणखी एक नाव घ्यायला हवे, काशिबा गुरव यांचे. सावतोबा मोट हाकताना, खुरपताना जे गात, ते काशिबांनी लिहून ठेवले. आज त्यांचे सदतीस अभंग उपलब्ध आहेत. एक माळी गातो, एक गुरव शेजारी बसून ऐकतो आणि टिपतो. समरसतेवर आपण परिसंवाद घेतो, ठराव करतो. अरणच्या बांधावर ती अशी सहज वावरत होती. काशिबा तेथे नसते, तर आपल्या दगडी स्तंभाच्या कारागिराप्रमाणे सावताही अनाम राहिला असता.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठवाड्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या. अशा घरी सांत्वनाला गेलो की ऐकू येते, "माणूस कष्टाळू होता, माळकरी होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात." म्हणजे श्रम होते, श्रद्धाही होती. दुष्काळ, कर्ज, पडलेला भाव ही कारणे आहेतच आणि त्यांवर शासनाला जाब विचारलाच पाहिजे. पण त्या माणसाच्या बांधावर शेवटच्या महिन्यात कोण जाऊन बसले होते? हा प्रश्न शासनाला विचारता येत नाही. तो गावाला विचारावा लागतो, आणि शाखेत जाणाऱ्या आपल्याला तर आधी. भक्ती असती तर तो वाचला असता, असे त्याच्या पत्नीला कृपा करून कोणी सांगू नये.

सावतोबा गेले आणि पुढच्याच वर्षी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. दोन तपांच्या आत यादवांचे राज्य बुडाले. सिंहासन गेले तरी वारी चालत राहिली, कारण तिची मुळे राजवाड्यात नव्हती; ती अशा मळ्यांत आणि घरांत होती.

आषाढीला साऱ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. सावतोबांची जात नाही. पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून अरणला येते. ज्या माळ्याला मळा सोडून निघता आले नाही, त्याच्या भेटीला देव वाट तुडवत जातो.

बोलायचे होते ते झाले. आभाळ पुन्हा भरून येते आहे. कोळपी ज्यांची राहिली असतील, त्यांनी प्रसाद घेऊन निघावे.