टपालातील खडे आणि शब्दांचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले, तेव्हा मी एखाद्या पाककृतीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र ई-मेलच्या टपालावर बोलणार आहे. जन्मभर शाळेत गणित शिकवले, त्यामुळे थोडा हिशेब येईल. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. या विषयामागे माझ्या हातून घडलेली एक चूक आहे, ती प्रथम सांगते.

माझ्या भाचीने बारावीनंतर एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. ‘मावशी रोज टपाल बघते’ म्हणून तिने माझाच ई-मेल पत्ता दिला. मुलाखतीचे पत्र आले, पण ते नेहमीच्या पेटीत न येता ‘स्पॅम’ नावाच्या पेटीत जाऊन पडले. ती पेटी मी कधी उघडीत नसे. पत्र सापडले तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस झाले होते. पुन्हा संधी मिळाली नाही. पोर एवढेच म्हणाली, “जाऊ दे मावशी.” पण माझ्या मनातून ते जाईना. असे का झाले, हे मी शोधू लागले.

स्पॅम म्हणजे न मागता आलेले, हजारोंना एकदम धाडलेले टपाल. मूळ शब्द अमेरिकेतील डबाबंद मांसाचा. १९७८ साली तेथील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकच जाहिरात पाठवली, तो याचा पहिला नमुना मानतात. पुढे या टपालाचा पूर आला. प्रथम लोकांनी साधे नियम केले : पत्रात अमुक शब्द दिसला की पत्र बाहेर. पण एका शब्दावरून पत्र टाकायचे, तर सुक्याबरोबर ओलेही जळते. मग शब्दांच्या मोजणीची रीत पुढे आली.

ही रीत आपल्या समजण्यासारखी आहे. समजा, १०० चांगली पत्रे एका बाजूला ठेवली आणि १०० वाईट दुसऱ्या बाजूला. ‘बक्षीस’ हा शब्द वाईटांपैकी ४० पत्रांत सापडला, चांगल्यांपैकी फक्त २ पत्रांत. म्हणजे या शब्दाने पारडे वाईटाकडे २० पट झुकते. ‘हळदीकुंकू’ हा शब्द चांगल्यांपैकी ३० पत्रांत आहे, वाईटांपैकी एकाच. त्याने पारडे चांगल्याकडे ३० पट झुकते. आता आपल्या चिटणीसबाईंचे पत्र आले : ‘शुक्रवारी हळदीकुंकू आहे. रांगोळीचे बक्षीस त्याच वेळी देऊ.’ नुसते ‘बक्षीस’ बघणारा ते फेकून देईल. पण दोन्ही शब्द तोलले, तर वाईटाकडे २ भाग आणि चांगल्याकडे ३ भाग पडतात. पत्र वाचते! त्यात ‘रांगोळी’ही मोजली तर शंकाच राहत नाही.

पुरावा येईल तसा अंदाज बदलण्याचा हा विचार थॉमस बेझ या इंग्लंडमधील धर्मोपदेशकाचा. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, प्रसिद्ध झाला. ही रीत टपालाला लावून पाहणारे संशोधकांचे निबंध १९९८ साली आले. २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकन लेखकाने ती सोप्या भाषेत मांडली आणि तिचा सर्वत्र प्रसार झाला. त्याने चांगली व वाईट अशी सुमारे चार-चार हजार पत्रे घेऊन त्यांतले शब्द मोजले. नवीन पत्र आले की त्यातले सर्वांत बोलके १५ शब्द तो तोलून बघे. मोजणीतून एक गंमतही निघाली. भडक लाल अक्षरांसाठी संगणकात जी खूण लिहितात, ती अश्लील शब्दांइतकीच वाईट टपालाची साक्ष देत होती. हे कोणाला आधी सुचले नसते. मोजले म्हणून कळले.

ग्रॅहमची मला सर्वांत पटलेली गोष्ट निराळी आहे. चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी तो मुद्दाम दुप्पट धरी. वाईट पत्र आत आले तर आपण ते पुसून टाकतो, एवढेच नुकसान. पण चांगले पत्र बाहेर गेले तर कोणाचे तरी वर्ष जाते. तांदूळ निवडताना एखादा खडा राहिला तर चालेल, पण दाण्यांची ओंजळ खड्यांबरोबर जाऊ नये.

आता माझ्या चुकीकडे येते. हे यंत्र पत्र वाचत नाही, ते मोजते. आणि चांगले कोणते, वाईट कोणते, हे ते आपल्याकडूनच शिकते. कितीतरी प्रामाणिक संस्थांची पत्रके मला येत. नको असली की मी कंटाळून ‘स्पॅम’ची कळ दाबीत असे. ‘अभिनंदन’, ‘निवड’, ‘रक्कम’, ‘बँक खाते’ हे शब्द लबाडांच्या पत्रांत असतात, तसेच शिष्यवृत्तीच्या पत्रातही असतात. आजकाल पाठवणाऱ्याचा पत्ता आणि इतरांच्या तक्रारीही बघतात. म्हणून दोष माझाच, असे निश्चित म्हणता येणार नाही. पण त्या पारड्यात माझ्या हातचीही वजने पडली होती, हे मी नाकारीत नाही.

म्हणून भगिनींनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. स्पॅमची पेटी आठवड्यातून दोनदा तरी उघडून पाहा. ठराविक मुदतीनंतर तेथील पत्रे आपोआप नाहीशी होतात. चांगले पत्र सापडले तर नुसते वाचून सोडू नका, ‘हे स्पॅम नाही’ अशी कळ दाबा. त्याने यंत्राला शिकवण मिळते. आणि जे पत्र केवळ कंटाळवाणे आहे, त्याला लबाड ठरवू नका. त्या पेटीतला मजकूर मात्र जपून वाचा. अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका आणि बँकेचा सांकेतिक क्रमांक कोणालाही कळवू नका.

भाचीने यंदा पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी तिने स्वतःचा पत्ता दिला आहे आणि खाली माझाही. मी विचारले, “माझा कशाला ग?” ती म्हणाली, “आता तू दोन्ही पेट्या बघतेस ना!”