दुकान कोणाच्या ओट्यावर मांडायचे?

कळवणकडच्या बचत गटातल्या बाया नागलीचे पापड करतात आणि विचारतात, "भाऊ, मोबाईलवर दुकान काढायचं म्हणतो, पण कुठं?"

वाटा दोन. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट ही भरलेली पेठ. गिऱ्हाईक आयते, पण विक्रीमागे आपला आकार कापतात, आणि गिऱ्हाईक पेठेचेच राहते. शॉपिफायवर दुकान आपले. मात्र विक्री होवो न होवो, भाडे दरमहा, आणि गिऱ्हाईक आणायचे तुम्हीच.

कायद्याचेही ऐका. पूर्वी पेठेत करपात्र माल विकायला धंदा कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतल्या माल विक्रेत्याला आपल्या राज्यापुरती सूट आहे. पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यायचा. मुंबईला खुशाल पाठवा. सुरत जवळ खरी, पण हद्द ओलांडली की सूट संपली! अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र दोन्हीकडे हवीच.

आणि पापड मोडतो हो! परत आलेल्या पुड्याचा भुर्दंड बहुधा विकणाऱ्याच्याच माथी. तेव्हा आधी एक पुडा टपालाने पुण्याच्या पाव्हण्यांकडे धाडा, अख्खा पोचतो का पाहा.

माझे मत विचाराल तर पहिले सहा महिने पेठेत, एकाच मालावर काढा. पुड्यावर गटाचे नाव, फोन ठळक छापा. लोक नाव घेऊन मागू लागले, की मग आपले दुकान.

गुरुजी, नफातोट्याचे गणित घालताना शंभर रुपयांचा हाच पुडा घ्या. नागली, मजुरी, डबा, टपाल, पेठेचा आकार वजा करून मुलांना उरलेले पैसे काढू द्या, आणि ती वही घरी आईला दाखवायला सांगा.